गोठ्यात चालू राहिलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. खांद्यावर ठेवून चालवायचा, पाण्याने भरलेल्या कळशीसारखा एका बाजूला ओढणारा. हल्ली मी एका पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला असतो. माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे आणि पोटातला रबरी पट्टा विरघळून चिकट झाला आहे. मी तक्रार करत नाही. म्हणजे थोडी करतो, पण म्हाताऱ्याने तेवढी करायचीच असते. आज मात्र मला तक्रार सांगायची नाही. तामलवाडीच्या एका घरात मी जे ऐकले, ते सांगायचे आहे.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडले आणि खोक्यात घालून मस्कतच्या एका दुकानात पाठवले. तिथे १९८५ साली बलभीम आला. तो तामलवाडीचा, मस्कतला वीजजोडणीच्या कामावर होता. गावी परतण्याआधी घरच्यांसाठी कॅमेरा घ्यावा, असे त्याच्या मनात होते.

दुकानदाराने त्याच्यापुढे आम्हा तिघांना मांडले. पहिला व्हीएचएस. त्याची कॅसेट मोठी, तिच्यात लांबलचक कार्यक्रम मावत असे, आणि घेतलेले चित्र मागे फिरवून तिथल्या तिथे डोळ्याला लावून बघता येत असे. तिसरा अगदी लहान, तळहातावर मावेल एवढा. त्याची कॅसेटही इवलीशी, पण ती घरातल्या कोणत्याच डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात, बसत नव्हती. मधला मी, बीटा जातीचा. माझी कॅसेट व्हीएचएसपेक्षा लहान आणि चित्र जास्त स्वच्छ. हे मी नाही, तो दुकानदारच म्हणाला होता. बलभीमने त्याआधीच बीटाचा डेक घेऊन ठेवला होता. डेकला जोडीदार हवा, म्हणून त्याने मला उचलले.

माझ्यात एक उणीव होती, ती आत्ताच सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. मी पाहत होतो, ऐकत होतो, टिपून घेत होतो. पण टिपलेले दाखवू शकत नव्हतो. कॅसेट माझ्या पोटातून काढायची, डेकमध्ये घालायची, डेकची वायर टीव्हीला जोडायची, तेव्हा कुठे चित्र दिसणार. स्वयंपाक करणाऱ्याला चव घ्यायची मनाई असावी, तसे माझे होते.

तामलवाडीत मला पाहायला वाडीवस्तीवरून माणसे आली. बलभीमची आई कडूबाई हिने मात्र मला चारी बाजूंनी न्याहाळून पहिला प्रश्न विचारला, "ह्येचा आनी कशाला उपेग व्हतो?"

कडूबाईचा स्वभाव तुम्हाला समजला पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली होती. तेव्हापासून तिच्या घरात कोणतीही वस्तू एकदाच वापरून सुटत नसे. तोंड धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पाणी कढीपत्त्याला. लुगड्याची गोधडी, गोधडीचे पोतेरे. नवी वस्तू मोडणे म्हणजे तर तिच्या लेखी पापच होते.

बीटाच्या कॅसेटच्या अंगाला प्लास्टिकची एक छोटी जीभ असते. ती मोडली, की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. आतले चित्र कायमचे सुरक्षित राहते. बलभीमने पहिल्याच कॅसेटची जीभ मोडायला घेतली, तशी कडूबाईने त्याचा हात धरला.

"कोरी करकरीत वस्तू, आन् तू मोडाया निघालास व्हय? कॅसेट म्हंजी पाटी हाय. पुसायची, पुन्ना लिवायची."

तिचे अगदीच चूक नव्हते. बीटाच्या कॅसेटी धाराशिवला मिळत नव्हत्या, सोलापूरच्या दुकानांतही सगळीकडे व्हीएचएसच. बलभीमने मस्कतहून आणल्या होत्या तेवढ्याच आमच्याकडे होत्या. म्हणून त्या पुसल्या जाऊ लागल्या. चुलत बहिणीच्या हळदीवर दूध संस्थेच्या सभेतले भाषण चढले. भाषणावर बैलपोळा चढला. भाषण संस्थेच्या चेअरमन आबारावांचे होते. पुढे कितीतरी दिवस ते मला पाहिले की तोंड फिरवत. बाकी मला गावात मोठा मान होता. माझ्यासमोर येण्यासाठी माणसे केसांना तेल लावून येत.

तेरखेड्याचा उत्तरेश्वर हा कडूबाईचा भाचा. लग्नांची शूटिंग करायचा आणि त्याच्याकडे व्हीएचएस होता. तो आला की मला हमखास चिडवायचा. "बलभीमभौ, तुमचा कॅमेरा म्हंजी मुका साक्षीदार बगा. समदं बघतो, पर कोर्टात सांगत न्हाय." मला राग यायचा. पण खरे होते ते.

आता कोंडिबाबद्दल सांगतो. कोंडिबा म्हणजे बलभीमचे वडील. माणसांत फारसा न बोलणारा हा माणूस गोठ्यात शिरला की त्याला वाचा फुटायची. त्यांची हरणी नावाची गाय होती. छ्याऐंशीच्या दुष्काळात चाऱ्याची दैना झाली आणि हरणीचे वासरू दगावले. वासरू गेले की गाय पान्हा चोरते. लोक म्हणाले, मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करा. कोंडिबाला ते पटले नाही. तो म्हणाला, "मुक्या जनावराला फशिवनं बरं न्हाय." तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि तिच्याशी बोलत राहिला. हलक्या, घोगऱ्या आवाजात, इकडचे तिकडचे काहीही. दोन-चार दिवसांत हरणीने त्या आवाजावर पान्हा सोडला. त्यानंतर रोज दोन्ही वेळा तो बोलायचा आणि ती दूध द्यायची. संस्थेत त्यांचे दूध जायचे ते त्या बोलण्यावर.

मग तो आवाज बसू लागला. आधी पडसे वाटले. बलभीम त्याला सोलापूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. गळ्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर गळ्यातले आवाजाचे यंत्रच काढावे लागेल. माणूस जगेल, जेवेल, चालेल, फिरेल. पण पुन्हा बोलणार नाही.

घरात त्या दिवशी कोणीच फार बोलले नाही. आपले बोलणे मोठे वाटेल, अशी प्रत्येकाला भीती वाटत असावी. शेवटी सुनेने, चांगुणाने तोंड उघडले.

"अवो, कॅमेरा हाय की घरात. मामांचा आवाज भरून ठिवा ना त्यात."

मित्रांनो, तेव्हा मला माझा जन्म सार्थकी लागल्यासारखे वाटले. आजवर मी हळदी भरल्या, सभा भरल्या. आता मला एका माणसाचा आवाज सांभाळायचा होता.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, अंगणात खुर्ची मांडली. कोंडिबाने धुतलेले धोतर नेसले, फेटा बांधला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्याकडे बघत बसला. मी सुरू झालो. बलभीम माझ्या मागून म्हणाला, "बोला दादा."

कोंडिबा बोलला नाही. त्याने श्वाससुद्धा आवरून धरला होता.

"काय बी बोला की. तुमचं नाव सांगा. मायला हाक मारा."

काही नाही. पापणीही लवली नाही. त्या घरात भिंतीवर कोंडिबाच्या वडिलांचा एकच फोटो होता. त्यात ते काठी गाडल्यासारखे ताठ उभे होते, ओठ घट्ट मिटलेले. कॅमेऱ्यापुढे असेच असायचे असते, हलले की बिघडते, एवढेच कोंडिबाला आयुष्यभर ठाऊक होते. बलभीमने विनवले, चांगुणाने विनवले, कडूबाई तर रागावली. जितके ते सांगत तितका तो अधिक ताठ होई. शेवटी बलभीमने हताश होऊन मला खांद्यावरून उतरवले, तेव्हा कोंडिबाने सुटकेचा श्वास सोडला आणि भाबडेपणाने विचारले, "निघाला का फुटू?"

बलभीमचे डोळे भरून आले होते. ते वडिलांना दिसू नयेत म्हणून तो गोठ्यात शिरला आणि मला गव्हाणीच्या कट्ट्यावर टेकवून उभा राहिला. तेवढ्यात आबारावांनी बाहेरून हाक दिली. दवाखान्यात न्यायच्या जीपचे काहीतरी ठरवायचे होते. बलभीम गडबडीने गेला. मला बंद करायचे त्याच्या ध्यानात राहिले नाही.

दूध काढायची वेळ झाली होती. कोंडिबा बादली घेऊन आला आणि हरणीच्या कासेशी बसला. गोठ्यात अंधार होता, आणि माझ्या जातीच्या कॅमेऱ्याला उजेड फार लागतो. मला काही दिसत नव्हते. पण माझा माइक चालू होता. दुधाची पहिली धार बादलीच्या पत्र्यावर वाजली आणि कोंडिबा बोलू लागला. तो काय बोलला, ते मी आत्ता सांगत नाही. ज्यांचे होते त्यांनीच ते आधी ऐकायला हवे होते. तुम्हीही त्यांच्याबरोबर ऐका.

पुष्कळ वेळाने बलभीम परत आला. माझा लाल दिवा जळताना पाहून त्याने कपाळावर हात मारला. "आयला, चालूच ऱ्हायला व्हय ह्यो!" त्याने मला बंद केले. माझी बॅटरी पार उतरली होती. सकाळी निघण्याआधी पुन्हा एकदा प्रयत्न करू, असे त्याच्या मनात होते. पण गावची वीज गेली ती आलीच नाही. बॅटरी तशीच राहिली आणि जीप सोलापूरच्या रस्त्याला लागली.

कोंडिबा परतला तो गळ्याला पांढरा फडका बांधून. माणूस जगला होता. आबाराव भेटायला आले, म्हणाले, "जयभीम कोंडिबा." त्याने हात जोडले, ओठ हलवले. आवाज आला नाही. आबाराव जाणते गृहस्थ, ते लगेच पावसापाण्याचे बोलू लागले.

एके दिवशी बलभीमने कॅसेट डेकमध्ये घातली. सगळे टीव्हीपुढे बसले. अंगण दिसले, खुर्ची दिसली, फेटा बांधलेला कोंडिबा दिसला. चित्र खरेच स्वच्छ होते. फेट्याची घडी न् घडी मोजता आली असती. आणि त्यात तो गप्प होता. मागून घरच्यांचे आवाज येत होते, "बोला दादा," "बोला की मामा." पुढे बसलेल्या कोंडिबाला आता बोलायचे होते आणि बोलता येत नव्हते. टीव्हीतल्याला बोलता येत होते, तर तो बोलत नव्हता. पाहता पाहता अंगण हलले, आडवे झाले आणि पडदा काळा झाला. बलभीमने झटकन डेक बंद केला. "पुढं काय न्हाय," तो म्हणाला.

मी कोपऱ्यात होतो. अरे, पुढेच तर सगळे आहे! पण मला सांगता आले असते, तर मी कॅमेरा कशाला झालो असतो?

इकडे हरणीने पान्हा चोरला. कडूबाई बसली, चांगुणा बसली, आंबोण घातले, पाठ चोळली. गाय मान वळवून दाराकडे बघत राहायची. कोंडिबा तिच्यापाशी बसायचा, हात लावायचा, ओठ हलवायचा. ती त्याचा हात हुंगायची आणि तरीही कास आखडून धरायची. बलभीम एकदा दबक्या आवाजात म्हणाला, "हिला आता बाजार दावावा लागंल." कोंडिबाने ते ऐकले. त्या दिवशी तो जेवला नाही.

अशात दूध संस्थेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन ठरले. आबारावांचे भाषण बैलपोळ्याखाली गेल्यापासून ते वाट पाहत होते. या वेळी सगळे नीट भरायचे, असे त्यांनी बजावले. कोरी कॅसेट एकही शिल्लक नव्हती. कडूबाईने नेहमीच्या हिशेबाने तोड काढली.

"ह्यांचं बसल्यालं ऱ्हाऊ द्या. मुकं का आसंना, त्यांचं रूप हाय. फुडं काळं झालंय तिथनं घ्या. ते वायाच गेलंय की."

उत्तरेश्वर मदतीला आला होता. तोही म्हणाला, "व्हय आत्या. काळं म्हंजी कोरंच."

मित्रांनो, आयुष्यात मी कधी भ्यालो असेन तर तेव्हा. तो आवाज पुसला जाणार होता, आणि पुसणार होतो मी. माझ्याच पोटात ती कॅसेट घालणार, माझेच डोके तिच्यावरून फिरणार. ज्याने ऐकले त्याच्याच हातून ते जाणार.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी बलभीम कॅसेट काळी कुठे होते ती जागा गाठायला बसला. माझ्यात मागेपुढे करून बघायची सोय नव्हती, म्हणून ती डेकमध्येच घालावी लागली. त्या उत्तरेश्वराच्या व्हीएचएसची गोष्ट वेगळी. तो डोळ्याला लावून, आवाज न ऐकता नुसते चित्र बघूनच जागा गाठली असती आणि काम झाले असते. माझी उणीव त्या दिवशी अशी उपयोगी पडली. अंगण आले, कोंडिबा आला, पडदा काळा झाला. बलभीम बटण दाबणार, तेवढ्यात रस्त्यावर दूधगाडीचा हॉर्न वाजला. हरणीचे नसले तरी शेजारच्यांच्या दुधाचे कॅन चढवायचे काम त्याच्याकडेच होते. "आलो रे," म्हणत तो आणि उत्तरेश्वर बाहेर धावले. डेक चालूच राहिला.

घरात कोणी नव्हते. चांगुणा पाण्याला गेली होती, कडूबाई अंगणातल्या चुलीपाशी भाकरी थापत होती. काळ्या पडद्यातून बादलीवर दुधाची धार वाजली. आणि मग तो घोगरा, हलका आवाज आला.

"सर गं हरणे, सर माय. पाय सार."

कडूबाईच्या हातातली भाकरी परातीत पडली. ती पिठाच्या हातांनी उठली आणि धावली ती गोठ्याकडे, कारण तो आवाज आजवर गोठ्यातूनच यायचा. गोठ्यात कोंडिबा उभा होता, हरणीच्या पाठीवर हात ठेवून. त्याचे ओठ मिटलेले होते. आवाज मात्र येतच होता, घरातून. हरणीने कान टवकारले, मान वर केली आणि ती हंबरली.

कडूबाईने नवऱ्याचा हात धरला. दोघे घरात आले आणि काळ्या पडद्यापुढे उभे राहिले.

"...उद्यापासनं माजा आवाज यायचा न्हाय गं. भिऊ नगंस. हात तर माजाच आसंल, वळखशील का न्हाय? न्हाय वळखलास तर कडू हाय. ती तोंडानं लई फटकळ हाय, पर तिचा हात मऊ हाय. म्या तिला कंदी बोललो न्हाय तसं. बोलाया पायजे व्हतं. खडी फोडून तिच्या हाताची सालटी निगाली व्हती, तवा बी म्या गपच बसलो. आता तुलाच सांगतो. तिला सांबाळ. सर, पाय सार..."

धार वाजत होती.  कडूबाईने नवऱ्याकडे पाहिले. तो भिंतीकडे बघत होता आणि त्याच्या गळ्याचा फडका भिजला होता. ती रागावल्यासारखी म्हणाली, "गाईला सांगत व्हतासा? म्या काय मेले व्हते?" आणि ती मोठ्याने रडू लागली. इतक्या वर्षांत ते घर तिला रडताना पहिल्यांदाच ऐकत होते.

बलभीम परत आला तो उंबऱ्यातच थबकला. मग त्याने टीव्ही आणि डेक उचलून गोठ्याच्या दाराशी नेले, लांब वायर जोडली आणि कॅसेट पुन्हा त्या जागेवर आणली. कोंडिबा बादली घेऊन बसला. काळ्या पडद्यातून तो बोलत राहिला आणि त्याचेच हात दूध काढत राहिले. हरणीने आधी डोके झाडले, टीव्हीकडे संशयाने पाहिले. मग तिची कास सैल झाली. त्या सकाळी फार दूध आले असे नाही. पण आले.

बाहेर आबाराव निरोपावर निरोप पाठवत होते, कॅमेरा घेऊन या म्हणून. उत्तरेश्वर आपला व्हीएचएस घेऊन गेला. त्याने मला नंतर कधीच चिडवले नाही.

दूध काढून झाले, तशी कडूबाईने कॅसेट मागितली. बलभीमने ती तिच्या हातात दिली. तिने कमरेची चंची सोडली, अडकित्ता काढला आणि कॅसेटची ती प्लास्टिकची जीभ शोधली.  त्या बाईने उभ्या जन्मात नवी, धड वस्तू कधी मोडली नव्हती. तिने अडकित्ता दाबला. कट असा आवाज झाला आणि जीभ जमिनीवर पडली.

"ही पाटी आता पुसायची न्हाय," ती म्हणाली.

पुढे बीटाचे दिवस सरले. आमचे डेक भंगारात गेले, व्हीएचएस सगळीकडे जिंकला, आणि नंतर तोही गेला. पण आमचा डेक चालू होता तोवरच उत्तरेश्वरने दोन वायरी जोडून तो आवाज त्याच्या मोठ्या कॅसेटवर उतरवून घेतला, आणि तिची जीभही कडूबाईने स्वतःच मोडली. हरणी हळूहळू बिनाआवाजाच्या हातालाही सरावली. कोंडिबा त्यानंतर बरीच वर्षे जगला. संध्याकाळी तो कडूबाईशेजारी बसायचा. ती बोलायची, भांडायची, आणि तो तिचा हात हातात घेऊन ऐकायचा.

मित्रांनो, आता तुमच्या हातात माझ्याहून कितीतरी शहाणी यंत्रे आहेत. ती अंधारातही पाहतात आणि टिपलेले लगेच दाखवतात. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आपल्या माणसाला खुर्चीवर ताठ बसवून "बोला, बोला" म्हणू नका. तो जिथे बोलतो तिथे जा, चुलीपाशी, शेतात, गोठ्यात. आणि चित्र काळे आले म्हणून पुसून टाकण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका.

माझ्या पेटीत माझ्याशेजारी ती बीटाची कॅसेट आहे. तिला वाजवणारे यंत्र आता गावात कोणाकडेच नाही. कडूबाई गेली, त्याआधी तिने तिचे नेसते लुगडे फाडून त्यात आम्हा दोघांना एकत्र गुंडाळले. तिने आपल्या हाताने मोडलेली ती तिसरी वस्तू. गोधडी मात्र तिने त्या लुगड्याची केली नाही.